पहिला पगार, धानाची सवय आणि ‘डबल’चा मोह : किरनापुरच्या नव्या पदवीधरांसाठी पैशाचा हिशेब

किरनापुर (जि. बालाघाट) : धानाच्या घरात पैसा वर्षातून एकदा येतो. दिवाळीनंतर कापणी-मळणी होते, धान सोसायटीत जातो आणि काही दिवसांनी खात्यात एकदम मोठी रक्कम पडते. त्यातून किराण्याची उधारी फिटते, लग्न निघतं, मंडईचा पाहुणचार होतो, पुढच्या बियाण्याचं पाहिलं जातं. मग वर्षभर हात आवरून चालायचं. अशा घरातला पोरगा किंवा पोरगी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करून नोकरीला लागते, तेव्हा पैसा दर महिन्याला येऊ लागतो. खर्चाची सवय मात्र धानाचीच राहते. पगार पडला की हात मोकळा, आणि वीस तारखेनंतर मित्राला फोन, “पाचशे टाक ना भाऊ, एक तारखेला देतो.”

आर्थिक स्वातंत्र्य हा शब्द मोठा वाटतो. पहिल्या नोकरीत त्याचा अर्थ एवढाच, की वीस तारखेनंतर कोणाला फोन करावा लागू नये. त्यासाठी मोठा पगार लागतोच असं नाही. पगार आला त्याच दिवशी त्याचे वाटे पाडायची सवय लागते. ही सवय लागली नाही, की माणूस एका झटक्यात पैसा वाढवायचा रस्ता शोधतो. या भागानं तो रस्ता कुठं जातो ते पाहिलं आहे.

‘डबल मनी’नं काय शिकवलं

मे २०२२ मध्ये लांजी-किरनापुर भागातलं ‘डबल मनी’ प्रकरण बाहेर आलं. थोड्या दिवसांत पैसे दुप्पट करून देतो, असं सांगून लोकांकडून रकमा घेतल्या जात होत्या. बालाघाट पोलिसांनी कारवाई करून सुमारे १० कोटी रुपयांची रोकड जप्त केली. बातमी देशभर गेली, पण या भागात ती बातमी नव्हती, घरातली गोष्ट होती.

अशा योजनेत धंदा कोणताच नसतो. नव्या माणसाचे पैसे जुन्या माणसाला दिले जातात. सुरुवातीला खरोखरच दुप्पट मिळतात, म्हणूनच विश्वास बसतो. ज्याला मिळाले तो नातेवाइकांना सांगतो, त्यांचे पैसे येतात आणि गाडा पुढं चालतो. नवे लोक यायचे थांबले की गाडा बसतो. तेव्हा ज्यांचे पैसे आत असतात, त्यांचे अडकतात.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं चक्रवाढ व्याज इथं कामाला येतं. समजा, कोणी सहा महिन्यांत दुप्पट देतो म्हणाला आणि एक लाख त्याच्याकडं ठेवून दिले. पाच वर्षांत दहा वेळा दुप्पट होतील. म्हणजे एका लाखाचे १० कोटी २४ लाख. खरोखर एवढं कमावता येत असतं, तर त्या माणसाला दारोदार फिरून लोकांकडून लाख-दोन लाख गोळा करायची गरजच पडली नसती.

पोस्टात मिळणारा ‘डबल’ केवढा असतो, तेही बघून घ्यावं. किसान विकास पत्रात ७.५ टक्के दरानं रक्कम दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. तोंडी हिशेबासाठी ७२ ला व्याजदरानं भागावं. जेवढं उत्तर येईल, साधारण तेवढ्या वर्षांत पैसा दुप्पट होतो. सहा टक्क्यांनी बारा वर्षं, आठ टक्क्यांनी नऊ. याच्यापेक्षा फारच लवकर दुप्पट सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : हा पैसा नेमका कोणाच्या खिशातून येणार आहे?

नव्या पदवीधरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा योजनांना गावात शिकलेला, बोलका, ओळखीचा चेहरा लागतो. “तू फक्त दहा जण आण, तुला कमिशन” असं सांगून नोकरी शोधत असलेल्या पोरांना एजंट केलं जातं. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. त्यात अशी ठेव घेणं हा गुन्हा आहे, आणि अशा योजनेसाठी लोकांकडं ठेव मागणं हाही गुन्हा आहे. कोणती संस्था ठेव घेऊ शकते, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर बघता येतं आणि तिथं तक्रारही करता येते.

आधी पगाराची स्लिप वाचा

बजेटची सुरुवात खर्चापासून होत नाही, हातात येणाऱ्या रकमेपासून होते. कंपनी “वीस हजार” म्हणते आणि खात्यात सोळा पडतात, तेव्हा अनेकांना फसल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा फसवणूक नसते, स्लिप वाचलेली नसते.

एक उदाहरण घेऊ. किरनापुरचा एक पदवीधर नागपूरला कामाला लागला. एकूण पगार १८ हजार, त्यात मूळ पगार १२ हजार. त्याच्या स्लिपवर तीन कपाती दिसतील.

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ : मूळ पगाराच्या १२ टक्के, १,४४० रुपये.
कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय : एकूण पगाराच्या ०.७५ टक्के, १३५ रुपये.
महाराष्ट्राचा व्यवसाय कर : २०० रुपये.

एकूण कपात १,७७५. हातात येतात १६,२२५ रुपये. मालकाला आपल्या बाजूनं पीएफचे १,४४० आणि ईएसआयचे ३.२५ टक्के, म्हणजे ५८५ रुपये वेगळे भरावे लागतात. १८ हजारांत हे मिळवले की २० हजारांच्या आसपास आकडा जातो. मुलाखतीत सांगितलेले वीस हजार ते हेच. म्हणून नोकरी पक्की करताना “पगार किती?” विचारू नये, “हातात किती येतील?” विचारावं.

सीमेवरच्या पदवीधरांसाठी व्यवसाय कराची गोष्ट वेगळी सांगावी लागते. हा कर राज्याचा आहे आणि तो काम कुठं करता त्यावर ठरतो, घर कुठं आहे त्यावर नाही. १९५६ पर्यंत बालाघाट, भंडारा, नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. आता बाघ नदी ओलांडली की नियम बदलतो. महाराष्ट्रात महिन्याला १० हजारांच्या वर पगार असणाऱ्या पुरुषाचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. महिलांना मात्र महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. मध्य प्रदेशात वर्षाला सव्वादोन लाखांपर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. म्हणजे तोच १८ हजारांचा पगार बालाघाटात असेल तर हा कर शून्य. २५ हजारांच्या आत पगार असलेल्या मुलीच्या महाराष्ट्रातल्या स्लिपवर व्यवसाय कर दिसला, तर तिनं ऑफिसात जरूर विचारावं.

पीएफ कापला जातो म्हणून जीवावर येतं, पण तो पैसा आपलाच असतो आणि मालकाचाही वाटा त्यात पडतो. नोकरी बदलली की जुना पीएफ काढून खाण्याची चूक अनेक जण करतात. यूएएन क्रमांक एकच ठेवावा आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवावी. सलग पाच वर्षांच्या नोकरीआधी रक्कम काढली, तर तिच्यावर कर लागू शकतो. मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावं. लग्नानंतर गाव बदलतं, नोकरी सुटते, पण यूएएन तोच राहतो आणि पैसाही तिच्याच नावावर राहतो.

काही लहान ऑफिसांत पगारदार न दाखवता ‘कन्सल्टंट’ दाखवून १० टक्के टीडीएस कापतात. नव्या कर पद्धतीत २०२५-२६ पासून वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या अशा कमाईवर आयकर द्यावा लागत नाही. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो. “आपली कमाई कमी, आपल्याला काय रिटर्न” असं म्हणून ते सोडून देऊ नये.

दहा हजारांत सुरुवात कशी होते

सगळ्यांनाच लगेच नागपूर-पुणे मिळत नाही. अनेकांची सुरुवात शिकाऊ म्हणून होते. मध्य प्रदेशात २०२३ पासून ‘मुख्यमंत्री सीखो कमाओ’ योजनेत पदवीधराला महिन्याला १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये आलेल्या ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण’ योजनेतही पदवीधराचा आकडा १० हजारच आहे. दोन्हीकडं अट आपापल्या राज्याच्या रहिवासाची. त्यामुळं किरनापुरच्या पोरानं मध्य प्रदेशाच्या योजनेकडं पाहावं आणि आमगाव-सालेकसाच्या पोरानं महाराष्ट्राच्या.

हे दहा हजार कायमचे नसतात, प्रशिक्षण संपलं की बंद होतात. म्हणून ते पगारासारखे सगळे खर्चून चालत नाही. घरी राहून बालाघाटला ये-जा करणाऱ्या पदवीधराचा हिशेब साधारण असा मांडता येईल :

घरखर्चात वाटा : २,५००
ये-जा : २,०००
चहा-नाश्ता : ७००
मोबाइल रिचार्ज : ३००
परीक्षेचे फॉर्म, पुस्तकं : १,०००
कपडे, लग्न, मंडई : १,०००
अडचणीचा पैसा : १,५००
आवर्ती ठेव : १,०००
एकूण : १०,०००

आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येकाचे वेगळे पडतील. दोन ओळी मात्र बघण्यासारख्या आहेत. फॉर्म आणि पुस्तकांना स्वतंत्र वाटा दिला आहे. पटवारी, पोलीस, बँक, रेल्वे अशा परीक्षा देणाऱ्यांचा पैसा फॉर्मच्या फीपेक्षा परीक्षा केंद्रापर्यंतच्या प्रवासात आणि तिथल्या मुक्कामात जास्त जातो. केंद्र जबलपूर किंवा भोपाळ आलं की एकाच फेरीत महिन्याची बचत संपते. वाटा आधीच बाजूला असला की “यंदा पेपर सोडून देतो” म्हणायची पाळी येत नाही.

दुसरी ओळ लग्न आणि मंडईची. या गोष्टी अचानक येत नाहीत, दर वर्षी येतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, पाहुणे येतात, नाटकं होतात. पोळा येतो, लग्नसराई येते. वर्षाला या सगळ्यावर १२ हजार जात असतील तर महिन्याला एक हजार बाजूला टाकावेत. नोव्हेंबरात उसनवारी करावी लागत नाही, आणि सण मनासारखा होतो.

वाटणी पगाराच्याच दिवशी

बजेटवर बरंच लिहिलं गेलं आहे. जपानमध्ये हानी मोतोको या महिला पत्रकारानं १९०४ मध्येच घरखर्चाची वही छापून घराघरात हिशेबाची सवय लावली. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांच्या मुलीनं २००५ च्या पुस्तकातून ५०-३०-२० चं सूत्र लोकांपुढं ठेवलं. गरजांना ५० टक्के, हौसेला ३०, बचतीला २०. आपल्याकडं मोबाइलवर हेच सूत्र सगळे सांगत असतात. त्यात एक वाटा मात्र नाही, आणि इथल्या पदवीधरासाठी तोच मोठा आहे. तो म्हणजे घरचा वाटा.

नागपुरातल्या त्याच पदवीधराचे १६,२२५ रुपये घेऊ. खोली दोघां-तिघांत मिळून, जेवण मेसमध्ये.

खोलीभाडं : ३,०००
मेस : ३,५००
शहरातला प्रवास : १,२००
चहा-नाश्ता, साबण-तेल : १,२००
रिचार्ज : ३००
गावी जाणं-येणं : ५००
घरी : ३,०००
अडचणीचा पैसा : २,०००
कपडे, सण, फी : १,०००
हातखर्च : ५२५

इथं हौसेला ३० टक्के बसत नाहीत. पहिल्या वर्षी बसणारही नाहीत. म्हणून आपण नापास झालो, असं मानायचं कारण नाही. सूत्र टक्क्यांत बसलं नाही तरी चालतं, क्रम चुकायला नको. आधी अडचणीचा आणि घरचा वाटा निघावा, मग भाडं-मेस, आणि उरलं त्यात बाकीचं.

यासाठी दोन खाती सोयीची पडतात. पगार एका खात्यात येऊ द्यावा. त्याच दिवशी बचतीचा वाटा दुसऱ्या खात्यात वळवावा. हे दुसरं खातं मोबाइलच्या यूपीआयला जोडूच नये. गावाच्या पोस्टात असलं तर आणखी बरं. काढायला जावं लागतं, आणि त्या जाण्यातच अर्ध्या वेळा मन बदलतं.

यूपीआयमुळं पैसा जाताना दिसत नाही. पाकिटातली पाचशेची नोट मोडताना हात थांबतो, स्कॅन करताना थांबत नाही. चहा २०, समोसा ३०, मित्राचं पेट्रोल १००. महिनाअखेरीस बँकेचं विवरण काढलं तर त्यात अशाच ओळी भरलेल्या दिसतात. पहिले तीन महिने रोजचा खर्च रात्री झोपताना वहीत लिहावा. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहिला तरी चालतो. तीन महिन्यांनी आपला पैसा कुठं जातो, ते कोणी सांगावं लागत नाही.

घरचा वाटा ठरलेला असावा

घरी पैसे देणं ही इथं सक्ती नाही, रीत आहे. शिकवलं कोणी? बापानं धान विकून, आईनं बचत गटातून उचल घेऊन. त्यामुळं पहिल्या पगारातून घरी काही जावं, हे कोणाला सांगावं लागत नाही. गडबड वेगळीच होते. एका महिन्यात पाच हजार, पुढच्या महिन्यात शून्य, त्याच्या पुढं मोटार जळाली म्हणून एकदम आठ हजार. घरच्यांनाही अंदाज येत नाही, पोराचाही हिशेब बसत नाही.

याला उपाय एकच. रक्कम कमी असली तरी ठरलेली असावी आणि ठरलेल्या तारखेला जावी. “आई, दर पाच तारखेला तीन हजार टाकीन. जास्तीचं लागलं तर महिनाभर आधी सांगत जा.” हे बोलणं एकदाच अवघड जातं. नंतर घरही त्या तीन हजारांवर आपलं गणित बसवतं.

घरच्या मदतीचा सर्वांत चांगला उपयोग कुठं होतो, तेही पाहावं. मध्य प्रदेशात सहकारी सोसायटीचं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तर व्याज शून्य पडतं. बँकेच्या किसान क्रेडिट कार्डावर ७ टक्क्यांतले ३ टक्के वेळेत भरणाऱ्याला माफ होतात आणि व्याज ४ टक्के पडतं. मुदत चुकली की ही सवलत जाते. खरिपाच्या कर्जाची मुदत मार्चमध्ये येते, आणि नेमका तेव्हाच धानाचा पैसा संपलेला असतो. नोकरी करणाऱ्या पोरानं किंवा पोरीनं फेब्रुवारी-मार्चचा वाटा थेट कर्जखात्यात घातला आणि कर्ज मुदतीत फिटलं, तर घराला त्याचा जो फायदा होतो तो कोणत्याही मुदत ठेवीपेक्षा जास्त असतो. त्यासाठी घरी एकदा पासबुक उघडून बसावं लागेल. अनेक घरांत मुलांना बापाच्या कर्जाचा आकडा माहीतच नसतो.

अडचणीचा पैसा कुठं ठेवावा

पुस्तकं सांगतात, सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. नव्या नोकरीत हे ऐकूनच माणूस सोडून देतो. म्हणून पहिलं लक्ष्य एका महिन्याच्या खर्चाचं ठेवावं. ते पूर्ण झालं की दुसऱ्या महिन्याचं. वरच्या हिशेबातले दोन हजार सुरू राहिले तर वर्षाला २४ हजार होतात. नोकरी सुटली तर दीड-दोन महिने खोली आणि मेस सुटत नाही. या पैशाला जास्त व्याज नको, तो वेळेवर हातात यायला हवा. म्हणून तो साध्या बचत खात्यात किंवा लहान मुदत ठेवीत असावा. बँक बुडाली तर प्रत्येक बँकेमागं ५ लाखांपर्यंतची ठेव विम्यात सुरक्षित असते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नसतं.

त्यानंतर सवयीची बचत. पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते. दर ६.७ टक्के धरला तर महिन्याला एक हजार टाकून पाच वर्षांत ६० हजारांचे ७१ हजारांच्या वर होतात. लांबचा विचार असेल तर पीपीएफ आहे. वर्षाला किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षं, दर ७.१ टक्के. पोस्टाच्या योजनांचे दर सरकार दर तीन महिन्यांनी ठरवतं, तेव्हा खातं उघडताना त्या दिवशीचा दर विचारावा. भिशीत पैसे टाकायचे तर ओळखीच्या लोकांत, लहान रकमेवर. अडचणीचा पैसा तिच्यात कधीच घालू नये, कारण आपली पाळी आणि आपली अडचण एकाच महिन्यात येईल असं नसतं.

दोन विमे पहिल्याच महिन्यात घेण्यासारखे आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघात संरक्षण मिळतं. जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत २ लाखांचं आयुर्विमा संरक्षण. रोज मोटारसायकलनं बालाघाट किंवा गोंदिया करणाऱ्याला हे वर्षाचे ४५६ रुपये जड नाहीत. ईएसआय लागू असेल तर उपचाराची सोय कामगारासोबत त्याच्या कुटुंबालाही मिळते. कार्ड काढून घरी दाखवून ठेवावं.

कर्ज : शिक्षणाचं आणि मोबाइलवरचं

शिक्षणासाठी कर्ज घेतलं असेल तर साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्ष हप्ता लागत नाही. व्याज मात्र त्या काळातही चढत राहतं. नोकरी लवकर लागली तर सवलतीच्या वर्षातच थोडं-थोडं व्याज भरून टाकावं, पुढचा हप्ता हलका होतो. हप्ता जमत नसेल तर तो चुकण्याआधी बँकेत जाऊन बोलावं. चुकलेल्या हप्त्याची नोंद क्रेडिट अहवालात राहते आणि पुढं घर-गाडीच्या कर्जाला आडवी येते. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो.

खरा धोका मोबाइलवरच्या झटपट कर्जाचा आहे. पाच मिनिटांत पाच हजार मिळतात आणि एका महिन्यात दुसरं ॲप पहिल्याचा हप्ता भरू लागतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज देणारी संस्था बँक किंवा नोंदणी असलेली वित्तीय कंपनी हवी, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत आणि व्याज-शुल्काचा पूर्ण तपशील आधी द्यायला हवा. हा तपशील न देता कॉन्टॅक्ट लिस्ट आणि फोटोंची परवानगी मागणारं ॲप उघडूच नये. क्रेडिट कार्डाचंही तसंच आहे. ‘किमान रक्कम’ भरून उरलेलं पुढं ढकललं की बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्क्यांच्या वर. सावकाराला नावं ठेवून तेच व्याज मोबाइलवर भरण्यात काय हशील?

“फक्त तुझं खातं वापरू दे, महिन्याला पाच हजार देतो” अशा मागण्याही येऊ लागल्या आहेत. ते खातं ऑनलाइन फसवणुकीचा पैसा फिरवायला वापरलं जातं आणि पोलीस आधी खातेदाराकडं येतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिम कोणालाही देऊ नये, मित्रालाही नाही. आपलीच फसवणूक झाली तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर फोन जातो, तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त असते.

पहिल्या वर्षाचा क्रम

पहिला महिना : स्लिप समजून घ्या, दुसरं खातं उघडा, दोन्ही विमे घ्या, खात्यांवर वारस लावा.
दुसरा-तिसरा महिना : रोजचा खर्च लिहा, घरच्यांशी ठरलेल्या रकमेचं बोला.
सहा महिन्यांपर्यंत : एका महिन्याच्या खर्चाइतका पैसा बाजूला करा. तोपर्यंत हप्त्यावर फोन-गाडी नको.
वर्षअखेर : आवर्ती ठेव सुरू झालेली असावी, घरच्या पीककर्जाची मुदत माहीत असावी, टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र भरलेलं असावं.

पगार वाढला की वाढीतला अर्धा भाग बचतीत टाकावा. उरलेला अर्धा खुशाल खर्च करावा, हौसही माणसाला लागतेच.

इथल्या शेतकऱ्याला एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याचा धान खायचा नाही. तो कणगीत वेगळाच राहतो. पगाराच्या दिवशी बाजूला काढलेला वाटा म्हणजे नोकरी करणाऱ्याचं बियाणं. तो सहा महिन्यांत दुप्पट होणार नाही, पण कोणी घेऊन पळणारही नाही.